फौजेतल्या मुलाचे आतडे दुखते तेव्हा



या पानावर रक्तदाब, मधुमेह, क्षयरोग यांवर लिहिताना आम्हाला कधी संकोच वाटला नाही. या वेळचा विषय संडासाशी संबंधित आहे. त्याबद्दल चारचौघांत बोलायचे म्हटले की माणसे एकतर हसतात, नाहीतर उठून जातात. पण याच संकोचापायी तरुण मुले वर्षवर्ष रक्त पडत असताना गप्प बसतात. त्यातही जो मुलगा फौजेत आहे तो सगळ्यात जास्त गप्प बसतो. म्हणून लिहितो आहोत.

आपला नगर जिल्हा, आताचा अहिल्यानगर, फौजेचा जिल्हा आहे. रणगाडा दलाचे प्रशिक्षण केंद्र नगरला, मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचे केंद्रही नगरलाच. पहाटे नगर शहरात किंवा कुठल्याही तालुक्याच्या गावी बाहेर पडा, डांबरी रस्त्याच्या कडेने पळणारी पोरे दिसतील. त्यांत आपल्या वस्तीतली पोरे असतात. फौजेशी आपले नाते तर जुनेच आहे. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार फौजेतले. इंग्रजांनी १८९० च्या दशकात महारांची भरती बंद केली, ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून आपल्या माणसांनी अर्ज-विनंत्या केल्या, आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. पुणे-नगर रस्त्यावरच्या भीमा कोरेगावला दर १ जानेवारीला आपण जातो ते का, हे वाचकांना सांगायला नको. एवढ्या खटपटीने मिळालेली ही नोकरी आहे. तेव्हा मुलगा भरती झाला की घरात नुसता पगार येत नाही, घराची मान वर होते. अशा मुलाने फोनवर आईला कसे सांगावे की मला दिवसातून दहा वेळा संडासला जावे लागते?

ज्या आजाराबद्दल आम्ही बोलतो आहोत त्याला डॉक्टर आयबीडी म्हणतात. साध्या भाषेत, आतड्याची दीर्घकाळ टिकणारी सूज. त्याचे मुख्य प्रकार दोन. एक अल्सरेटिव्ह कोलायटिस, यात मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येऊन जखमा होतात. दुसरा क्रोन्स, तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो आणि आतड्याच्या पूर्ण जाडीत शिरतो. त्यामुळे आतडे अरुंद होते, कधी बाजूला छिद्र पडून भगंदर होते. शरीराची जी रोगप्रतिकारशक्ती बाहेरच्या जंतूंशी लढायला असते, तीच आपल्या आतड्यावर उलटते. का उलटते याचे एकच एक उत्तर नाही. थोडा भाग आनुवंशिकतेचा, थोडा आतड्यातल्या जिवाणूंचा, थोडा बदललेल्या राहणीमानाचा. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. तिखट खाल्ल्याने होत नाही, आईच्या हातच्या ठेच्याने होत नाही. कुणाच्या करणीने तर नाहीच नाही. अंगारा-धुपारा आपण १९५६ सालीच सोडला असे आपण अभिमानाने सांगतो, पण दुखणे लांबले की काही घरांत देवऋषी मागच्या दाराने आत येतो. हे आम्हाला ठाऊक आहे, म्हणून मुद्दाम लिहिले.

हा आजार बहुतेकदा १५ ते ३५ या वयात डोके वर काढतो. फौजेत भरती होण्याचे आणि नोकरीची पहिली वर्षे काढण्याचे वयही तेच. भरतीच्या वैद्यकीय तपासणीत मुलगा अगदी ठणठणीत असतो, कारण तेव्हा आजार नसतोच. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे पेन्शनच्या वेळी तो लागणार आहे.

सुरुवात कशी होते? पोटात मुरडा येतो, कळ लागते, संडासला पळावे लागते. शौचाबरोबर शेंब पडते, मग रक्त. आठ दिवसांत बरे वाटते, महिन्याने पुन्हा तेच. क्रोन्समध्ये रक्त दिसेलच असे नाही. उजव्या बाजूला खाली दुखते, ताप येतो, वजन उतरते. कुणाला तोंडात फोड येतात, कुणाचे डोळे लाल होतात, कुणाचे सांधे धरतात. फौजेतला मुलगा सांधे धरले की पीटी जास्त झाली असे समजतो.

आपल्याकडे रक्त पडले की पहिला शब्द तोंडात येतो तो मूळव्याध. मग कुणीतरी नगरच्या एसटी स्टँडजवळची पाटी वाचून येतो, मूळव्याधीवर हमखास उपाय, आणि सहा महिने जातात. दुसरा शब्द आव. आवेवरच्या गोळ्या मेडिकलच्या दुकानातून सरळ मिळतात. त्या घेतल्या की चार दिवस बरे वाटते, कारण आजाराची चढ-उतार अशीच असते, आणि श्रेय गोळीला जाते. मूळव्याध असते, आव असते, ते खोटे नाही. पण तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त काळ पातळ होत असेल, रक्त पडत असेल, रात्री झोपेतून उठून संडासला जावे लागत असेल आणि वजन कमी होत असेल, तर ती नुसती आव नव्हे, असेच धरून चालावे. काहींना ताणामुळे पोट बिघडण्याचा त्रास असतो, त्याला आयबीएस म्हणतात. नाव सारखे वाटते, पण त्यात रक्त पडत नाही आणि वजन झडत नाही. नावातल्या एका अक्षराच्या गोंधळाने ‘टेन्शन घेऊ नको’ एवढाच सल्ला घेऊन मुले परत आलेली आहेत.

तिसरी गफलत क्षयरोगाची, आणि ती डॉक्टरांचीही होते. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स हे दोन्ही लहान-मोठ्या आतड्याच्या सांध्यावर बसतात आणि दुर्बिणीतून, कधी कधी तुकडा तपासूनही, सारखेच दिसतात. आपल्या देशात क्षयरोग एवढा आहे की डॉक्टर आधी त्याचेच औषध सुरू करतात. यात चूक नाही, कारण क्षय असताना क्रोन्स समजून स्टेरॉइड दिले तर क्षय अंगभर पसरतो. पण दोन-तीन महिने क्षयाची औषधे घेऊनही फरक पडला नाही तर पुन्हा विचारायला हवे. नऊ-नऊ महिने निमूटपणे गोळ्या गिळत बसू नये.

निदानासाठी रक्ताची आणि शौचाची तपासणी लागते. शौचात कॅलप्रोटेक्टिन नावाचा पदार्थ मोजतात, तो वाढला असेल तर आतड्यात सूज आहे असे कळते. पक्के निदान मात्र कोलोनोस्कोपीने, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून आणि आतड्याचा बारीक तुकडा काढून. या तपासणीला मुले भितात आणि लाजतात. बंदुकीच्या गोळीला न भिणारा जवान दुर्बिणीला भितो, याचे आम्हाला हसू येत नाही. बाईमाणसाच्या तपासणीइतकेच हेही नाजूक आहे. पण आदल्या दिवशी पोट साफ करण्याचे पाणी पिणे हाच त्यातला खरा त्रासाचा भाग, बाकी अर्ध्या-पाऊण तासात उरकते आणि बहुतेकदा गुंगीचे औषध देतात.

आता फौजेतले जगणे डोळ्यांसमोर आणा. पहाटे पीटी, मग परेड. गाडीच्या ताफ्यात पाच-सहा तास, मध्ये थांबायचे नाही. रात्री संत्री ड्यूटी, जागा सोडायची नाही. उंचावरच्या चौकीवर उणे तापमानात संडास म्हणजे बर्फातला पत्र्याचा आडोसा. सुट्टीवर येताना जनरल डब्यातून दीड-दोन दिवस, आणि डब्यातल्या संडासातही माणसे बसलेली. ज्याला कळ आली की दोन मिनिटेही थांबता येत नाही, त्याने यातून कसे निभवायचे? तो जेवण कमी करतो. प्रवासाच्या आदल्या दिवशी उपाशी राहतो. पाणी पीत नाही. मग चक्कर येते, पळताना मागे पडतो, आणि सिक रिपोर्ट केला तर कामचोर म्हणतील म्हणून दात ओठ खाऊन पळतो. आपल्या मुलाला तर ‘कमी पडला’ असे म्हणायला टपलेले लोक आधीच असतात, म्हणून तो दुप्पट पळतो. त्यात गुडघा-कंबर दुखते म्हणून डायक्लोफिनॅक, आयब्रुफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या खातो. या गोळ्यांनी आतड्याची सूज उफाळू शकते, हे त्याला कुणी सांगितलेले नसते.

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. हे लपवू नये. घरच्यांनी लपवायला सांगू नये.

यावर आई-वडील काय म्हणतात ते आम्ही ऐकले आहे. सांगितले तर मेडिकल डाऊन करतील, घरी पाठवतील, बहिणीचे लग्न राहिले आहे, घराचा हप्ता चालू आहे. ही भीती पोकळ नाही. फौजेत प्रत्येकाची वैद्यकीय श्रेणी ठरते, तिला शेप म्हणतात. शेप एक म्हणजे सर्व कामांना, सर्व ठिकाणी योग्य. आतड्याचा आजार निघाला की श्रेणी खाली येते. आधी काही आठवड्यांपुरती, मग पुन्हा बोर्ड, मग कायमची. श्रेणी खाली आली की उंचावरची पोस्टिंग, परदेशातली शांतिसेना, काही कोर्स आणि बढती यांवर परिणाम होतो. हे सगळे खरे. पण श्रेणी खाली येणे म्हणजे नोकरी जाणे नव्हे. कमी श्रेणीत राहून, स्टोअरमध्ये, ऑफिसात, प्रशिक्षण केंद्रात काम करून नोकरी पुरी केलेले जवान आहेत. शिवाय लपवले तर काय होते, तेही बघा. उपचाराविना सूज वाढते, हिमोग्लोबिन उतरते, आणि एक दिवस मुलगा चौकीवर कोसळतो. तेव्हा मोठे आतडे काढण्याची वेळ आलेली असू शकते. नोकरी तेव्हाही जाते, आणि तब्येतही.

आयझेनहॉवर हे नाव आपण शाळेत वाचलेले असते. दुसऱ्या महायुद्धात युरोपातल्या दोस्त सैन्यांचे सरसेनापती, पुढे अमेरिकेचे अध्यक्ष. त्यांना अनेक वर्षे पोटाच्या तक्रारी होत्या, निदान होत नव्हते. जून १९५६ मध्ये त्यांचे आतडे अडले आणि वॉल्टर रीड या लष्करी रुग्णालयात रात्रीतून शस्त्रक्रिया करावी लागली. आजार क्रोन्सचा निघाला. आदल्याच वर्षी त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. तरीही त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा निवडून आले आणि १९६९ पर्यंत जगले. सरसेनापतीचे आतडे दुखू शकते तर शिपायाचे का नाही? अर्थात सरसेनापतीला डॉक्टर दाराशी मिळतो आणि शिपायाला एमआय रूमच्या बाकावर बसावे लागते, हा फरक आम्ही विसरलेलो नाही. म्हणूनच शिपायाने बोलायला जास्त हिंमत लागते.

उपचारांबद्दल. हा आजार मुळापासून बरा करतो असे जो सांगेल त्याच्यापासून सावध राहा, मग त्याच्या भिंतीवर कितीही प्रमाणपत्रे असोत. पण तो आटोक्यात राहतो आणि माणूस वर्षानुवर्षे चांगला जगतो. अल्सरेटिव्ह कोलायटिसचे पहिले औषध मेसालामिन. त्याआधीचे, अजूनही चालणारे आणि स्वस्त औषध सल्फासॅलाझिन. ते स्वीडनच्या डॉ. नाना स्वार्ट्झ यांनी १९४० च्या सुमारास सांधेदुखीसाठी आणले आणि कोलायटिसच्या रुग्णांनाही त्याने बरे वाटते हे त्यांच्या लक्षात आले. (नाव नाना असले तरी त्या बाई होत्या, आणि त्यांच्या काळात बाईने प्राध्यापक होणे हीच मोठी लढाई होती.) सल्फासॅलाझिन घेणाऱ्या तरुणाने एक गोष्ट माहीत करून घ्यावी: त्याने शुक्रजंतू तात्पुरते कमी होतात, औषध बदलले की पुन्हा वाढतात. लग्नानंतर मूल राहत नाही म्हणून सुनेला बोल लावण्याआधी मुलाची औषधाची चिठ्ठी बघावी.

आजार उफाळला की स्टेरॉइड देतात. ते झटपट काम करते, म्हणूनच घातक. बरे वाटले की मुले तीच जुनी चिठ्ठी दाखवून पुन्हा पुन्हा विकत घेतात. चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. आणि अचानक बंद केले तर जिवावर बेतू शकते, ते हळूहळूच उतरवायचे असते. ज्यांना वारंवार स्टेरॉइड लागते त्यांना ॲझाथायोप्रिन देतात. त्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरू शकतात, म्हणून सुरुवातीला रक्ताची तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते, ती चुकवू नये. त्यापुढे इन्फ्लिक्सिमॅबसारखी इंजेक्शने. पहिल्या दिवशी, दुसऱ्या आठवड्याला, सहाव्या आठवड्याला आणि मग दर आठ आठवड्यांनी सलाइनमधून. महागडी आहेत. ती देण्याआधी अंगात लपलेला क्षय आहे का हे तपासावेच लागते. अशी औषधे चालू असताना जिवंत जंतूंची लस घेता येत नाही. आफ्रिकेत शांतिसेनेत जाणाऱ्याला लागणारी पीतज्वराची लस त्यातलीच, तेव्हा लस टोचण्याआधी औषधे सांगितली पाहिजेत.

सगळ्यात मोठी चूक होते ती बरे वाटल्यावर गोळी सोडण्याची. बरे वाटते ते गोळीमुळेच. आजार शांत असतानाही रोज घेत राहिल्याने तो उफाळणे कमी होते, आणि बऱ्याच वर्षांनी होऊ शकणाऱ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोकाही कमी होतो. मोठ्या आतड्याचा आजार आठ वर्षांचा झाला की ठरावीक काळाने पुन्हा कोलोनोस्कोपी करून पाहावी लागते. ज्याला क्रोन्स आहे त्याने बिडी-सिगारेट सोडलीच पाहिजे, तिथे घासाघीस नाही.

आणि ही खूण घरातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी: दिवसात सहा किंवा त्याहून जास्त वेळा रक्ताचे जुलाब, सोबत ताप किंवा नाडी ९० च्या वर, किंवा हिमोग्लोबिन साडेदहाच्या खाली, म्हणजे त्याच दिवशी दवाखान्यात भरती. सुट्टी संपायची वाट पाहायची नाही, युनिटला कळवायचे आणि जवळच्या लष्करी रुग्णालयात जायचे. नगरला लष्करी रुग्णालय आहे, पुण्याला दक्षिण कमांडचे कमांड हॉस्पिटल आहे. रात्री-अपरात्री तिथवर पोचणे शक्य नसेल तर आधी जिल्हा रुग्णालय किंवा लोणी, विळद घाट इथली मोठी रुग्णालये गाठावीत आणि युनिटला तिथून कळवावे.

आता कागदाची गोष्ट, कारण आपल्या माणसाचे नुकसान बहुतेकदा कागदावर होते.

आजारामुळे फौजेतून बाहेर पडताना बोर्ड ठरवते की अपंगत्व किती टक्के आणि ते नोकरीमुळे झाले किंवा नोकरीने वाढले की नाही. नोकरीशी संबंध नाही असा शेरा पडला की अपंगत्व पेन्शन नाकारली जाते. पोटाच्या आजारांवर असा शेरा मारणे सोपे असते, कारण गोळी लागल्याची खूण असते, सुजेची नसते. इथे सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ सालचा धरमवीर सिंग खटल्यातला निकाल महत्त्वाचा आहे. तो जवान सुमारे नऊ वर्षांच्या नोकरीनंतर फिट येण्याच्या आजारामुळे बाहेर काढला गेला आणि पेन्शन नाकारली गेली. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे की भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल तर तो माणूस निरोगी होता असेच धरायचे, पुढचा बिघाड नोकरीमुळे झाला असे मानायचे, आणि तसे नसेल तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी जवानाची नाही. २१ सप्टेंबर २०२३ पासून अपंगत्व पेन्शनचे नवे नियम लागू झाले आहेत, त्यानंतर बाहेर पडणाऱ्यांनी जाणकाराला विचारूनच पुढचे पाऊल टाकावे. सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे खंडपीठ मुंबईला आहे.

पण न्यायालय बघते कागद. पहिल्यांदा रक्त पडले तेव्हा सिक रिपोर्ट केला का? कुठल्या चौकीवर होता, किती उंचीवर, कुठल्या महिन्यात? एमआय रूमच्या रजिस्टरात नोंद आहे का? ज्याने तीन वर्षे सुट्टीत गावाकडच्या डॉक्टरकडून गुपचूप औषधे नेली, त्याच्याकडे ही नोंद नसते. त्याने नोकरी वाचवण्यासाठी लपवले आणि पेन्शन गमावली. म्हणून आम्ही म्हणतो की लपवणे हा आपल्याला परवडणारा मार्ग नाही.

अग्निवीरांचे दुखणे याहून मोठे आहे. २०२२ पासून शिपाई म्हणून होणारी भरती चार वर्षांची झाली. त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के कायम होतात. बाकीच्यांना पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, माजी सैनिकांना मिळणारी ईसीएचएसची आरोग्य सेवा नाही. नोकरीमुळे अपंगत्व आले तर एकरकमी मदत आहे: शंभर टक्क्यांना ४४ लाख, ७५ टक्क्यांना २५ लाख, ५० टक्क्यांना १५ लाख. पन्नासच्या खाली? या यादीत काही नाही. आता सांगा, ज्या मुलाला विसाव्या वर्षी कोलायटिस झाला, बोर्डाने २०-३० टक्के लिहिले आणि चार वर्षांनी घरी पाठवले, त्याने आयुष्यभराच्या गोळ्या कुणाच्या जिवावर घ्यायच्या? मिळालेली सेवानिधीची रक्कम औषधात जाईल की बहिणीच्या लग्नात? भरतीच्या दिवशी सरकारनेच तपासून घेतलेला हा धडधाकट मुलगा आहे. त्याला नोकरीत असताना जडलेल्या कायमच्या आजारासाठी आयुष्यभर मोफत औषधोपचार मिळाले पाहिजेत, टक्केवारी कितीही असो. ही मागणी आपल्या आमदार-खासदारांकडे लेखी गेली पाहिजे. जयंतीच्या मिरवणुकीत डीजे किती मोठा यावर जेवढी चर्चा होते, तिच्या चौथाई चर्चेत हे निवेदन लिहून होईल.

राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आधार शस्त्रक्रियेसाठी आणि भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. रोजच्या गोळ्यांचा खर्च त्यात बसत नाही. म्हणून डॉक्टरांकडून औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे आणि जनऔषधी केंद्रात विचारावे.

घरी आलेल्या मुलाचे काय? आईला पहिली काळजी जेवणाची. आजार उफाळलेला असताना मऊ भात, मुगाची खिचडी, उकडलेला बटाटा, केळे, अंडे, सोसत असेल तर ताक-दही. कच्चा कांदा, कोंड्यासकट भाकरी, शेंगदाण्याचे कूट, रस्सा तेवढ्यापुरते बाजूला. बरे वाटले की बाजरीची भाकरीसुद्धा चालते. ‘हे खाऊ नको, ते खाऊ नको’ करत मुलाला वर्षभर पेजेवर ठेवणाऱ्या आया आम्ही पाहिल्या आहेत. त्यांच्या मायेबद्दल शंका नाही, पण त्याने मुलगा वाळतो. सुकट, अंडे, मटण यांतून मिळणारे प्रथिन त्याला इतरांपेक्षा जास्त लागते. जुलाब चालू असतील तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे चहाच्या चमच्याने मोजून. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली आरोग्य प्रकल्प सुरू केला, तेव्हा असली कामे गावातल्या फारशा न शिकलेल्या बायांनी, त्यांत आपल्याही बायांनी, शिकून घेतली आणि शिकवली. आपल्याच जिल्ह्यातली ही गोष्ट आहे, बाहेर जग तिचे उदाहरण देते.

दुसरा प्रश्न संडासाचा, आणि इथे वस्तीला बोलावे लागेल. घरात संडास नाही, सार्वजनिक संडासाला सकाळी रांग, दोन दारे मोडलेली, एकात पाणी नाही, रात्री कुलूप. निरोगी माणूस वैतागतो, आयबीडीच्या रुग्णाचे तर तिथेच कपडे खराब होतात. मग तो घराबाहेर पडत नाही, मित्र तोडतो, लग्नाला नाही म्हणतो. त्याला रांगेत पुढे सोडणे एवढे तरी आपल्या हातात आहे. कारण विचारू नये, नुसते सरकावे. आणि नगरपालिकेकडे, ग्रामपंचायतीकडे वस्तीच्या संडासाची मागणी करताना रात्री उघडा राहणारा, पाणी असलेला संडास, असे स्पष्ट लिहावे.

विनयपिटकातला एक प्रसंग या ठिकाणी आठवतो. एका भिक्खूला पोटाचा असाच आजार झाला होता, तो आपल्याच घाणीत पडून होता आणि इतर भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. भगवान बुद्ध आणि आनंद तिथे आले. बुद्धांनी पाणी आणायला सांगितले, स्वतः त्याच्या अंगावर पाणी ओतले, आनंदने धुतले, दोघांनी मिळून त्याला उचलून मंचकावर ठेवले. मग संघाला बोलावून विचारले की याची सेवा कुणी का केली नाही. मैत्री-करुणेवर प्रवचने पुष्कळ होतात. हा प्रसंग विहारात जरा जास्त वेळा सांगितला जावा असे आम्हाला वाटते.

लग्नाबद्दल लोक विचारतात. आयबीडी असलेला मुलगा लग्न करू शकतो, त्याला मुले होऊ शकतात, आणि बहुतेक मुलांना हा आजार होत नाही. धोका थोडा वाढतो इतकेच. सोयरीक जुळवताना आजार सांगून जुळवावी. मुलीकडच्यांना फसवून आणलेल्या सुनेला रात्री-अपरात्री नवऱ्याचे कपडे धुवायला लावणे हा काही मार्ग नव्हे.

ज्यांच्या घरात असा जवान आहे त्यांनी एक फाइल करावी. भरतीच्या वेळच्या तपासणीची प्रत, प्रत्येक सिक रिपोर्टची तारीख, प्रत्येक रुग्णालयातला डिस्चार्ज कागद, कोलोनोस्कोपीचा आणि तुकड्याचा रिपोर्ट, श्रेणी ठरवणाऱ्या प्रत्येक बोर्डाची प्रत, कुठे किती महिने पोस्टिंग होती त्याची यादी. मूळ कागद घरी पत्र्याच्या पेटीत आणि झेरॉक्स मुलाजवळ. एखादी प्रत मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात मागता येते. पेन्शन नाकारल्याचे पत्र आले तर त्यात अपिलाची मुदत दिलेली असते, ती आधी वाचावी आणि पत्र घेऊन नगरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे. तिथे अर्ज कसा करायचा ते सांगतात. वाचता येत नसेल तर वस्तीतल्या शिकलेल्या मुलीला बरोबर न्यावे.